रिकाम्या गावाचा महोत्सव

देवाच्या अंगावरची उजवी कळी टपकन पडली आणि मी, गावची सरपंच, भर देवळात म्हणाले, "मेल्या, आत्ताच?"

शेजारच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आबा म्हणजे माझे सासरे. रवळनाथाला कौल लावायचा मान आमच्या घराचा, म्हणून सगळा गाव त्यांना आबा गावकर म्हणायचा. पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशीचा प्रश्न होता, पौर्णिमेपासून गावपळण करायची काय? आणि देव होय म्हणून मोकळा झाला होता.

गावपळण ही आमच्या खाजणवाडीची जुनी रीत. तीन-चार वर्षांतून एकदा, देव सांगेल तेव्हा, तीन दिवस गाव ओस टाकायचा. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी शिवेबाहेर जाऊन राहायचं. चुलीत विस्तव ठेवायचा नाही, दिवा ठेवायचा नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. का, ते कोणी विचारत नाही. बाप गेला, आजा गेला, आपण जायचं.

रीतीवर माझा राग नव्हता. उलट मजा असते हो त्यात! माझा राग होता तारखेवर. कारण गावपळणीच्या बरोब्बर दुसऱ्या दिवशी आमच्या गावात मंत्री येणार होते. 'आपली माती, आपली कला' नावाचा मोठा महोत्सव सरकारने काढला होता आणि राज्याचं सांस्कृतिक वैभव जपणारं गाव म्हणून त्यात आमची निवड झाली होती. तिथे साहेब गावाला एक भेट जाहीर करणार होते. आणि मला ती भेट म्हणून पूल हवा होता.

आमचा गाव खाडीच्या एका तडीला, आणि रस्ता, एसटी, दवाखाना, हायस्कूल सगळं पलतडीला. मधे पांडगो ताऱ्याची, म्हणजे नावाड्याची, होडी. भरतीला वारा असला की होडी बंद. पावसाळ्यात तर तिचा काही भरवसाच नाही. गावात शाळा सातवीपर्यंत. पोरगे पुढे कसेबसे जायचे, पोरींना घरचे सांगायचे, पुरे झालं. माझी रेश्मा त्या वर्षी सातवीत होती. वर्गात पहिली. खरं सांगते, सरपंचपद मी पुलासाठी घेतलं होतं आणि पूल रेश्मासाठी हवा होता. गावाचं भलं वगैरे लोक भाषणात म्हणतात.

"आबानू," मी घरी आल्यावर म्हटलं, "देवाक परत एकदा विचारूया?"

"देवाक दोनदा विचारूचा नसता."

"मंत्री येतत हो! पूल जातलो हातचो!"

"देवान काय मंत्र्याक आमंत्रण दिल्यान?" म्हणाले, आणि पानाला चुना लावत बसले.

दुसऱ्या दिवशी चारुता मॅडम आल्या. महोत्सव ज्या कंपनीकडे दिला होता, तिच्या त्या मुख्य. वय तिशीच्या आतलं, कपाळावर चंद्रकोर, हातात दोन फोन आणि आमच्या अंगणातल्या शेणसारवणाकडेही डोळे भरून बघण्याची सवय. होडीतून उतरल्या तेव्हाच त्यांची चप्पल चिखलात गेली होती. "किती रॉ आहे ना सगळं!" असं काहीसं म्हणाल्या.

मी गावपळणीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "आजोबा, देवाला तारीख थोडी पुढे ढकलायला सांगता येईल का?"

"तुमच्या साहेबांका सांगा," आबा म्हणाले.

"साहेबांची तारीख नाही हो बदलत!"

"मगे देवाची बदलता?"

 मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "पण ही परंपरा म्हणजे सोनं आहे! हे आपण दाखवायलाच हवं! मला सांगा, ही गावपळण स्टेजवर पंधरा मिनिटांत बसेल का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ही बाई शुद्धीवर आहे ना, असं विचारणारी ती नजर होती.

शेवटी तोड निघाली ती अशी. गाव ठरल्याप्रमाणे बाहेर जाईल. महोत्सव ठरल्याप्रमाणे देवळापुढच्या पटांगणात होईल. कलाकार बाहेरून येणारच होते, आता गावकरीही बाहेरूनच येतील. मी आबांना विचारलं, परकी माणसं त्या दिवशी शिवेच्या आत आली तर चालतील काय?

"परक्यांका देव वळखणा नाय," आबा म्हणाले. "नाचांदेत."

"आणि सरपंच?" मी मॅडमना विचारलं. "पुलाचं निवेदन कोण देणार?"

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्हीच देणार, वासंतीताई! साहेब पलीकडून होडीने येणार, होडीनेच परत जाणार. तुम्ही तिथेच किनाऱ्यावर असाल. परतताना मी स्वतः भेटवते. फक्त येताना काही बोलू नका हं, त्यांचा मूड जपायचा असतो."

मी हो म्हटलं. नाही म्हणून करते काय?

पौर्णिमेला आम्ही निघालो. खाडी हीच आमची शीव, म्हणजे पलतडीला जाऊन राहायचं. पांडगोची होडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खेपा मारत होती. माणसं, कोंबड्यांच्या पाट्या, तांदूळ, भांडी, एक नवी बाळंतीण आणि आमचे एक आजारी मास्तर. गुरं ओहोटीला पोहत नेली. हा सगळा तमाशा बघून कोणालाही कळलं असतं की या गावाला पूल का हवा. पण बघायला होतंच कोण? चारुता मॅडमची माणसं दुसऱ्या बाजूने लाँचमधून कमानी उतरवत होती, आणि दुसऱ्या दिवशीचे प्रेक्षकही तिकडूनच येणार होते.

माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहिल्या. रात्री भजन झालं, सकाळी बायकांनी फुगडी धरली. सत्तर वर्षांच्या कुसूमकाकीने अशी काही गिरकी घेतली की तिची सूनच घाबरली. मीही दोन फेर घातले. जिवाला बरं वाटलं.

मग गाड्या आल्या.

साहेब उतरले. पांढरे कपडे, गळ्यात भगवं उपरणं, मागे कॅमेरे. होडीच्या धक्क्याकडे जायची वाट आमच्या खोपींना लागूनच होती. त्यांनी खोपी पाहिल्या, दोरीवरची वाळत घातलेली लुगडी पाहिली, शेळ्या पाहिल्या.

"हे कोण लोक?" त्यांनी विचारलं.

 चारुता मॅडमनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पटकन म्हणाल्या, "बाहेरचे मजूर आहेत साहेब. कामाला आलेत."

"अरे! अशा पवित्र गावाच्या तोंडावर ही वस्ती? कलेक्टरांना सांगा, यांचं काहीतरी करा. आपल्या माणसांच्या पोटावर येतात हे."

आबा पुढेच बसले होते. एवढा मोठा माणूस समोर थांबला म्हणून उठून त्यांनी नमस्कार केला. साहेबांना बरं वाटलं. खांद्यावर हात ठेवून त्यांनी प्रेमाने विचारलं, "कहाँ से आये हो, बाबा?"

"मी हंयचोच," आबा म्हणाले.

साहेब मागच्या लोकांकडे वळले. "ऐकलंत? किती लवकर भाषा उचलली! ही आपल्या मातीची ताकद आहे." कॅमेरेवाल्यांनी तेवढं टिपून घेतलं.

माझे हात शिवशिवत होते. पण शब्द दिला होता आणि पदराच्या टोकाला निवेदन बांधलं होतं. मी दात आवळून उभी राहिले. साहेब सजवलेल्या होडीत बसले. वल्ही मारायला कोळ्याच्या वेषातले चार पोरगे होते. होडी दोनदा स्वतःभोवती फिरली, मग कशीबशी मार्गाला लागली. पांडगो तारी वाळूत बसून बघत होता. तो थुंकला.

खाडीवरून आवाज स्वच्छ येतो. पलीकडे कर्णे लावले होते. आम्ही सगळे किनाऱ्याला येऊन बसलो आणि आमच्याच गावात चाललेला आमचाच गौरव ऐकू लागलो. आधी ढोल, मग लावणी. आमच्या देवळापुढे लावणी! कुसूमकाकी म्हणाली, "रवळनाथ आज जागो रवतलो गो." मग पोवाडा, मग 'खाजणवाडीच्या सुवासिनींची पारंपरिक फुगडी'. त्या सुवासिनी कुठल्या होत्या देव जाणे, दम मात्र लवकर लागला.

आणि मग निवेदक म्हणाला, "आता या भाग्यवान गावच्या सरपंच आपलं मनोगत व्यक्त करतील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इथे वाळूत बसलेली, आणि तिकडे मी बोलू लागले.

आवाज गोड होता, बाईचा. नंतर कळलं, ती मालिकांतून कामं करणारी नटी होती. साहेबांचं स्वागत केलं, देवाचं नाव घेतलं. साहेबांनी मोठ्या मनाने विचारलं, "ताई, गावाला काय हवं? आज मोकळेपणाने मागा. पूल बांधून देऊ?"

माझ्या हाताला रेश्माचा हात लागला. तिने गच्च धरला होता.

"नको साहेब," तिकडची ती सरपंच गोड आवाजात म्हणाली. "पूल आला की मोटारी येतील, गोंगाट येईल. ही होडी हीच आमची संस्कृती. आम्हाला आमची होडीच राहू द्या."

काय टाळ्या पडल्या! एवढ्या टाळ्या त्या दिवशी दुसऱ्या कशालाच पडल्या नसतील. साहेबांचा आवाज भरून आला. म्हणाले, "अशी माणसं आहेत म्हणून महाराष्ट्र आहे. ठरलं! इथे पूल होणार नाही. ही होडी आपण जपू. दरवर्षी इथे होडी महोत्सव होईल!" आणि वर हेही सांगितलं की इथून ते लाँचने थेट किल्ल्यावर जेवायला जाणार आहेत.

म्हणजे परत इकडून येणारच नव्हते.

रेश्माने हात सोडला.  उठून खोपीत गेली. मला वाटलं, माझ्या छातीत कोणी तरी जळकं लाकूड खुपसलं. मी उठले आणि आबांसमोर उभी राहिले.

"आबानू..."

"माका विचारू नको," आबा खाडीकडे बघत म्हणाले. "विचारलंस तर माका नाय म्हणूचा लागतला."

मी नाही विचारलं.

पांडगोची होडी ढकलली आणि वल्हं हातात घेतलं. तो "अगो, अगो" करत राहिला. वल्हवता मला माहेरपासून येतं. ओहोटी लागली होती, त्यामुळे होडी पलीकडच्या चिखलात रुतली. नऊवारी नव्हे, साधं गोल पातळ. ते गुडघ्याच्या वर खोचलं आणि चिखल तुडवत निघाले. एका पायाला शिंपला लागून रक्त आलं. केस सुटलेले. देवळामागून पटांगणात शिरते तोच गळ्यात ओळखपत्र घातलेला एक माणूस धावत आला.

"मच्छीमार नृत्य ना? अहो ताई, केवढा उशीर! बाकीच्या कुठे आहेत? जाऊ दे, मेकअप फर्स्ट क्लास झालाय. चला, चला वर!"

आणि मला सरळ स्टेजवर ढकललं.

समोर साहेब, त्यांच्या शेजारी माझ्या नावाची नथवाली. निवेदक काही बोलायच्या आत मी माईक ओढला.

"शिरा पडो तुमच्या ह्या नाचगाण्यार!" मी म्हटलं.

हशा पिकला. मला वाटलं, अजून नीट ऐकू आलं नाही. मी आवाज चढवला. "मी खरी सरपंच! ती नथवाली कोण ता माका ठावक नाय! आमचो गाव पलतडी खोपीत बसलो आसा. ज्या म्हाताऱ्याक तुम्ही हिंदीत विचारल्यात, तो माझो सासरो!"

साहेब मांडीवर थाप मारून हसले. "काय ठसका आहे! अस्सल!"

"होडी गोड दिसता तुमका? भरतीक बसा तिच्यात एकदा, मगे सांगा! आमच्या चेडवांनी सातवीनंतर काय करूचा? खाडीत उडी मारूची? संस्कृती जपता म्हणे! ती संस्कृती बाळंत झाली तर दवाखान्यात कशी नेवची, ता सांगा माका!"

टाळ्या. शिट्ट्या. मागून कोणी तरी ओरडलं, "वन्स मोअर!"  मला रडू फुटलं आणि मी रडतच ओरडले, "आमका पूल व्हयो! पूल व्हयो!"

सगळं पटांगण उठून उभं राहिलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. ती नटी धावत आली आणि मला मिठी मारून कानात म्हणाली, "काय लेव्हलचं काम करता हो तुम्ही! कुठल्या ग्रुपच्या?" गर्दीच्या कडेला चारुता मॅडम पांढऱ्याफटक होऊन उभ्या होत्या. टाळ्या ऐकल्या तशी त्यांच्या तोंडावर हळूहळू रंग आला आणि त्याही टाळ्या वाजवू लागल्या.

साहेबांनी स्वतः मला शाल घातली, नारळ दिला, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. 'उत्कृष्ट लोककलाकार'. माईकवर म्हणाले, "कला अशी जिवंत पाहिजे! मागा ताई, आज तुम्हाला काय हवं ते मागा!"

"पूल," मी म्हटलं.

काय सांगू तुम्हाला, असा हशा मी जन्मात ऐकला नव्हता. साहेब हसता हसता म्हणाले, "अजून भूमिकेतून बाहेर आली नाही बघा!"

मी परत आले तेव्हा भरती सुरू झाली होती. अंगावर चिखल, त्यावर शाल. किनाऱ्यावर सगळा गाव उभा. त्यांनी कर्ण्यावरून शब्दन् शब्द ऐकला होता, टाळ्याही ऐकल्या होत्या. मी होडीतून उतरले तसा गजा परब पुढे आला. निवडणुकीत माझ्याकडून हरल्यापासून तो संधीच शोधत होता.

"वासंतीन शीव मोडली. देवाचो कोप होतलो. दंड बसाक व्हयो."

चार डोकी हलली. माझ्यात भांडायची ताकद नव्हती. आबा काठी टेकत पुढे आले.

"गजा, गाव खंय आसा?"

"म्हणजे?"

"आपली माणसां, गुरां, कोंबडी, खंय आसत?"

"हंय."

"मगे ती गेल्ली थंय आपला एक तरी माणूस होता? एक कोंबडो तरी?"

"नाय... पण..."

"मगे तो गाव कसलो? ती परक्या मुलखात जावन इली. परक्या मुलखात जावक देवाची बंदी नाय."

गजा मागे सरकला.  आबांनी माझ्या हातातला नारळ घेतला, खाडीकडे तोंड करून मनातल्या मनात काही पुटपुटले आणि तो पाण्यात सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पायाक हळद लाव. रगात येता हा."

तेव्हा मी पोटभर रडले. त्या माणसाने आयुष्यात दोनदाच मला आपली मानल्याचं दाखवलं, त्यातली ही एक वेळ.

या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. रेश्माला त्या जूनमध्ये कुडाळला माझ्या बहिणीकडे ठेवली. बारा वर्षांची पोर, पाटीएवढी बॅग घेऊन होडीत बसली. शिकली, चांगली शिकली. पण तिचं लहानपण मला सुट्ट्यांपुरतंच मिळालं. आता ती पुण्याला असते. तिच्या मुलाला होडीत उलटी होते, म्हणून फारसं येणं होत नाही.

होडी महोत्सव मात्र दरवर्षी होतो. धक्क्यावर संगमरवरी फलक आहे, 'येथील होडी हे राज्याचे सांस्कृतिक वैभव आहे.' पुलाचा अर्ज गेला की कोणी तरी त्या फलकाचा फोटो जोडून परत पाठवतं. आणि महोत्सवातला सगळ्यात गाजणारा प्रकार म्हणजे 'सरपंचीण'. माझं ते बोलणं कोणी तरी त्या दिवशी कॅमेऱ्यात धरलं होतं. आता त्याची स्पर्धा असते. लांबलांबच्या मुली येतात, पातळ खोचतात, अंगाला चिखल लावतात आणि "शिरा पडो" म्हणतात. लोक त्याच जागी हसतात, त्याच जागी शिट्ट्या मारतात. मला पहिल्या रांगेत खुर्ची असते.

यंदा साताऱ्याची एक मुलगी स्पर्धेच्या आधी मला शोधत घरी आली. गुणी पोर. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, सगळं पाठ आहे. फक्त शेवटचं जमत नाही. 'पूल व्हयो' म्हणताना रडायचं की ओरडायचं? तुम्ही नक्की कसं केलं होतं?"

"मी केलं नव्हतं गो," मी म्हटलं. "मी मागितलं होतं."

"हो हो, तेच हवंय मला! ते मागणं. पण म्हणजे रडायचं, की..."

तिच्या डोळ्यांत खरीच काळजी होती. तिला बक्षीस हवं होतं. मी तरी तिच्यावर कशाला चिडू?

"ओरड," मी म्हटलं. "पोटातून ओरड. खाडी रुंद आहे, पलीकडे ऐकू जायला हवं."

ती ओरडली. अंगावर काटा आला माझ्या. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं. फोटो काढायला मात्र ती थांबली नाही. ढाल काखेत मारून चिखलाच्या पायांनीच धक्क्याकडे पळाली. शेवटची होडी सहाला सुटते.